अकरा झाडांना एक नर

नागावच्या केसरवहिनींच्या वाडीत नारळ-सुपारीच्या सावलीला जायफळाची बारा झाडं होती. अकरा माद्या आणि एक नर. जायफळात नराला फळ धरत नाही, पण तो जवळ नसला तर मादीलाही धरत नाही. वादळाच्या वर्षी नेमका नरच पडला. त्यानंतर माद्या फुलायच्या आणि सगळी फुलं खाली टाकायच्या.

वहिनींचा मुलगा विनेश तीन वर्षं थांबला. मग त्याने सांगितलं, की रिकामी झाडं पोसण्यापेक्षा तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधू. वहिनींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शेवटी दोघांत ठरलं, की पावसाळ्याच्या आधी वाडीत नर जगताना दिसला तर झाडं राहतील.

मी आक्षीच्या कोळीवाड्यातली. चाळीस वर्षं वहिनींच्या दारात मासळी घेऊन जाते. फेब्रुवारीत त्यांना कळलं, की दादरला एका शाळेच्या पटांगणात दोन दिवस फक्त मसाल्याच्या झाडांची विक्री आहे. विनेशला वेळ नव्हता. वहिनींना लाँचची सवय नव्हती आणि मला भाऊच्या धक्क्याचा दगडन्‌दगड माहीत होता. म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले.

पहाटे एसटीने अलिबाग, तिथून रेवस, रेवसहून लाँच, धक्क्यावरून टॅक्सी. पटांगणात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. दालचिनी, लवंग, मिरी, वेलची, सगळी रोपं काळ्या पिशव्यांतून ओळीने मांडलेली. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. मला वाचायला साठीनंतर आलं, त्यामुळे दिसेल ती पाटी वाचायची खोड आहे. जायफळाची पाटी मीच आधी वाचली.

विकणारा कुडाळकडचा होता, दत्तात्रेय नावाचा. वहिनींनी नर मागितला तेव्हा त्याने पुन्हा विचारलं.

"नर? बाई, सकाळपासून सगळे मादी मागतत. नर दिलंय म्हणून लोक भांडाक येतत."

"माझ्याकडे माद्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "अकरा."

"मग बरोबर." त्याने टेबलामागून एक कलम ओढून पुढे आणलं. माझ्या छातीएवढं उंच, पानं दाट, वर तीन शेंडे. "एकच आणलंय."

"नर हाय ह्यो कशावरनं?" मी विचारलं.

"नराच्या झाडाची काडी बांधलीय, मावशी. फुलला की बघा. नराची फुलं घोसान येतत, मादीची एकटी-दुकटी."

"म्हंजे गडी मानसं सगलीकडं घोलक्यानंच उभी."

तो हसला. मी भाव पाडायला तोंड उघडलं, पण वहिनींनी माझा हात दाबला आणि तो म्हणाला तेवढे पैसे दिले. त्याने पिशवीभोवती गोणपाट गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि ते ओलं करून दिलं. गोणपाट सुकू देऊ नका, एवढंच त्याने बजावलं. चिठ्ठीच्या मागे त्याने आपला फोन नंबर लिहिला.

पहिल्या दोन टॅक्सीवाल्यांनी झाड पाहून मान हलवली. तिसऱ्याने घेतलं, पण शेंडे खिडकीबाहेर राहिले. वहिनी दादरपासून धक्क्यापर्यंत ते शेंडे हाताने आत धरून बसल्या होत्या. धक्क्यावर उतरल्यावर मी पदराची चुंबळ केली आणि कलम डोक्यावर घेतलं. ओहोटी लागली की रेवसला लाँच लागत नाही, त्यामुळे दोनची लाँच चुकवून चालणार नव्हतं.

लाँचवरचा खलाशी कोंडाजी मला ओळखतो.

"काय गो ठमे, मावरा सोरून झारां इकाया लागलीस?"

"इकाया न्हाय. नवरदेव हाय, नागावला नेतंय."

"कुनासाठी?"

"वैनींच्या अकरा पोरी हान."

"अकरा जनींत एक? मंग त्याला सावलीत बसव, पोचस्तवर तरी जगू दे."

पण सावलीत जागा नव्हती. आत माणसं, सामान आणि दोन मोटरसायकली होत्या. आम्ही मागच्या बाजूला उन्हात बसलो. बंदर सुटताच वहिनींना मळमळायला लागलं. त्यांनी डोळे मिटून डोकं कठड्याला टेकलं आणि मला म्हणाल्या, "ठमाबाई, झाडाकडे बघ."

मी बघत होते. ऊन मोठं होतं, वाराही होता. अर्ध्या वाटेत गोणपाट कोरडं पडलं आणि पानं खाली झुकली. मी कोंडाजीकडून दोरीचा डबा घेतला, समुद्रातून पाणी ओढलं आणि गोणपाटावर ओतलं. गोणपाट भिजलं, थंड झालं. मी आणखी एक डबा ओतला. जरा वेळाने तिसरा.

खारं पाणी झाडाला चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्याही दारात तुळस आहे. पण लाँचवर गोणपाट सुकलं की समुद्राचं पाणी मारायचं, हे मी लहानपणापासून करत आले. खाली पापलेट असो नाहीतर कोळंबी, गोणपाट ओलं राहिलं पाहिजे. त्या वेळी मला झाड दिसत नव्हतं, गोणपाट दिसत होतं. पानं सावरल्यासारखी वाटली म्हणून मला बरंही वाटलं.

नागावला पोचेपर्यंत उन्हं कलली. वाडीत वहिनींनी सुतळी सोडली. गोणपाट पुन्हा सुकलं होतं आणि त्याच्या घड्यांवर पांढरी रेघ धरली होती. वहिनींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"पाणी कुठलं घातलंस?"

मी सांगितलं.

"किती?"

"तीन डबे."

"तळापर्यंत गेलं?"

"गेलं असंल."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीला खाली आणखी भोकं पाडली आणि विहिरीचं गोडं पाणी घालायला सुरुवात केली. मी ओढून देत होते, त्या घालत होत्या. तीस कळशा झाल्या असतील. खालून पाणी निघालं की त्या चाखायच्या आणि थुंकायच्या. काळोख पडायच्या आधी एकदा चाखून म्हणाल्या, "आता जा घरी. तुझी एसटी जाईल."

चौथ्या दिवशी मासळी घेऊन गेले तेव्हा पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आग लागलेल्या कागदासारख्या. सहाव्या दिवशी खालची पानं गळली. विनेश ओटीवर फोनवर बोलत होता. मला पाहून म्हणाला, "मावशी, मुंबईचा पाहुणा काय मानवला नाय आपल्या हवेला." म्हणजे वहिनींनी त्याला काही सांगितलं नव्हतं.

मी वाडीत गेले आणि वहिनींना म्हटलं, त्या माणसाला फोन लावा. चिठ्ठीवरचा नंबर मी एकेक आकडा वाचला, त्यांनी लावला. दत्तात्रेयाने सगळं ऐकून घेतलं.

"शेंडे हिरवे आसत?" त्याने विचारलं.

"हिरवे आहेत."

"मग मुळांची आशा सोडा. शेंडे आजच कापा आणि मादीच्या फांदीवर कलम बांधा. मादीच्या अंगावर नराची एक फांदी वाढली तरी काम भागता. आंब्याचा पाचर कलम येता ना?"

"आंब्याचं येतं."

"तसाच. फक्त वर पिशवी बांधा, दमट रव्हाक व्हया. जायफळ सावकाश फुटता. उघडून बघू नका."

तीन शेंडे होते. वहिनींनी अकरांतलं मधलं झाड निवडलं आणि माणसाच्या हाताला येतील अशा तीन फांद्या धरल्या. पातळ सुरीने त्या एका फांदीला चीर द्यायच्या, शेंड्याचं टोक पाचरीसारखं तासायच्या, चिरेत बसवायच्या. मी प्लॅस्टिकची पट्टी ओढून धरायची. त्या दिवशी त्यांनी मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. काम झाल्यावर त्यांनी उरलेलं खोड उपटलं. मुळं काळी पडली होती.

मार्चमध्ये पहिली काडी सुकली. एप्रिलमध्ये दुसरी. तिसरीवरच्या पिशवीत आतून पाण्याचे थेंब दिसायचे, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मी एक दिवसाआड जायची. मासळी नसली तरी जायची. वहिनी म्हणाल्या, "तू बघून ती फुटणार नाही, ठमाबाई." पण मी गेले नाही तर विचारायच्या, काल कुठे होतीस.

मेच्या शेवटच्या आठवड्यात विनेश गवंड्याला घेऊन वाडीत उतरला. गवंड्याकडे आखायची दोरी आणि खुंट्या होत्या. मी ओट्यावर बोंबील निवडत होते. वहिनी उठून मधल्या झाडाकडे गेल्या आणि त्यांनी तिसऱ्या काडीवरची पिशवी सोडली. दोन पानं निघाली होती. नखाएवढी, तांबूस.

"हा नर," वहिनी म्हणाल्या.

विनेश जवळ गेला. त्याने काडी आणि फांदी यांचा सांधा पाहिला, पण हात लावला नाही.

"आणि आणलेलं झाड कशाने मेलं? उन्हाने ना?"

"उन्हाने," वहिनी म्हणाल्या.

"उनानं न्हाय," मी ओट्यावरून म्हटलं. "लाँचवर मी खारा पानी घातला. तीन डबे."

विनेशने वळून पाहिलं. "मावशी, झाड होतं ते. सुरमई नव्हती."

"व्हय."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तू आज इचारलास."

गवंडी हसला. विनेश पुन्हा त्या दोन पानांकडे वळला. मग त्याने आईला विचारलं, ही एवढी फांदी सगळ्या झाडांना पुरेल का.

"जवळच्यांना पुरेल," वहिनी म्हणाल्या. "रस्त्याकडची दोन लांब आहेत. त्यांचं मी सांगू शकत नाही. फुलायला तिला अजून दोन-तीन वर्षं लागतील."

विनेश चालत रस्त्याकडच्या दोन झाडांपर्यंत गेला, तिथून मधल्या झाडाकडे पावलं मोजत आला, आणि परत गेला. त्याने गवंड्याला खूण केली. गवंड्याने दोरी गुंडाळून घेतली आणि रस्त्याच्या कडेला नेऊन त्या दोन झाडांच्या अलीकडे पहिली खुंटी ठोकून तिथून दोरी ताणली.

नऊ झाडं दोरीच्या या बाजूला राहिली, रस्त्याकडची दोन खोल्यांसाठी गेली. वहिनींनी काडीवर पुन्हा पिशवी चढवली, वर थोडी उघडी ठेवून, आणि मला म्हणाल्या, "बोंबील किती झाले?"