खमणचा उपास

"बा, सवारथी एणे कंई खाधुं तो नथी ने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कंई ज नहीं," माझी सून अवंती तडक म्हणाली. "रात्रीपासून उपाशी आहे."

आमचा कुत्रा खमण टेबलावर उभा होता. रंगाने खमण ढोकळ्यासारखा पिवळा म्हणून हे नाव. आता म्हातारा झालाय. दातांवर किटण, दोन दाढा हलणाऱ्या, आणि तोंडाला असा वास की पाहुणे सोफ्यावरून उठून बाल्कनीत जायचे. दात साफ करायचे तर भूल द्यावी लागते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला भूल म्हणजे आधी रक्त तपासा, हृदय तपासा. ते सगळं आधीच झालं होतं. आता फक्त पोट रिकामं हवं होतं. पोटात अन्न असलं तर भुलीत ते उलटून फुप्फुसात जातं, मग कुत्रा उठेलच असं नाही. बाईंनी हे मला समोर बसवून सांगितलं होतं. मी चौथी शिकले, पण एकदा ऐकलेलं मला पुरतं.

आणि रिक्षात, दवाखाना आहे तो सुभानपुरा यायच्या जरा आधी, खमणच्या मिशांना बिस्किटाचा भुगा लागलेला मी पाहिला होता.

काम कुणाचं ते विचारायला नको. हिंमतराव, माझे यजमान. वीज कंपनीत मीटर वाचायला होते. जुन्या शहरातल्या वाडीतली पोळन् पोळ, गल्लीन् गल्ली, त्यांच्या पायाखालची. कुत्री अंगावर येऊ नयेत म्हणून खिशात बिस्किटं ठेवायचे. एकेकाला एकेक द्यायचे आणि डोक्यावर थोपटून म्हणायचे, "ओळख ठेव हं." नोकरी सुटली, आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो, तरी खिशातली बिस्किटं सुटली नाहीत. आता बाकीचं सुटायला लागलंय. दिवाळीत त्यांच्या हातून गॅस उघडा राहिला, तेव्हा अवंती म्हणाली, "आई, पुन्हा असं काही झालं ना, तर बाबांवर लक्ष ठेवायला दिवसभराचा माणूस ठेवू."

माझ्या नवऱ्याला राखायला पगारी माणूस! मी काय वर गेलेय? तेव्हापासून ते रस्ता चुकून उशिरा आले की मी म्हणते, मीच लांब पाठवलं होतं. दोनदा जेवायला बसले की म्हणते, मघाशी मीच कमी वाढलं होतं.

बाईंनी सुई टोचायला खमणच्या पुढच्या पायाचे केस काढायला घेतले. मशीन घुरघुरायला लागलं.

"थांबा," मी म्हटलं. "खाल्लंय त्याने."

मशीन बंद झालं.

"काय खाल्लं? कुणी दिलं?" अवंतीचा आवाज चढला. बाबांचं नाव तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं.

"मी दिलं. राजगिऱ्याचा लाडू. तूच ना म्हणालीस, खमणचा उपास आहे? उपासाला राजगिरा चालतो."

डॉक्टरीणबाईंची मदतनीस तोंड फिरवून हसली. बाई मात्र भल्या. "बा, उपवास नहीं, खाली पेटे लाववानो हतो," एवढंच म्हणाल्या.

"आई, उपाशी म्हणजे उपाशी! तुम्हाला एवढंही..." अवंती थांबली. पुढचं मला ऐकू आलंच. जन्मभर ते वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत पसरलं. समोरच्या प्रेमलाबेनने गॅलरीतून विचारलं, "बा, तमारो कूतरो अगियारस करे छे?" कुत्र्याची एकादशी! एरवी मी तिची जीभ तिच्या हातात दिली असती. त्या दिवशी म्हटलं, "त्यालाच विचारून सांगते."

नवी तारीख नेमकी संकष्टीला आली. माझी चतुर्थी लग्नापासूनची. तापात मोडली नाही, बाळंतपणात मोडली नाही. आदल्या दिवशी मी ह्यांचे सगळे खिसे उलटे केले. गादीखाली पाहिलं, औषधाच्या डब्यात पाहिलं. सापडली ती सगळी बिस्किटं प्रेमलाबेनच्या नातवंडांना देऊन टाकली.

सकाळी अवंती खाली रिक्षा बघायला गेली. मी खमणच्या गळ्यात पट्टा बांधत होते, तेवढ्यात हे आले. शर्ट पँटमध्ये खोचलेला, केस विंचरलेले, ड्युटीवर निघाल्यासारखे. हातात बिस्कीट.

"आता हे कुठून काढलंत हो?"

त्यांनी खमणसमोर हात धरला. खमणने मान पुढे केली.

"अहो, नको. आज त्याला द्यायचं नाही."

"का?"

"दात साफ करायचेत त्याचे. काही खायचं नाही."

त्यांना पटलं. मान हलवली. आणि पुन्हा हात पुढे केला.

मी खमणचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. हे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू.

"घेत नाही हा," ते म्हणाले. "मला ओळखत नाही वाटतं."

बाहेर लिफ्टचं दार वाजलं.

"मला द्या," मी म्हटलं. "मला भूक लागलीय." आणि खाली बसल्या बसल्या तोंड उघडलं. त्यांनी बिस्कीट माझ्या तोंडात घातलं.

अवंती दारात उभी होती. "आई, आज तुमची चतुर्थी..." ती म्हणाली आणि थांबली. तिने ह्यांच्या हाताकडे पाहिलं, मी दाबून धरलेल्या खमणच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशीचा लाडू..."

"रिक्षा आली का?" भरल्या तोंडाने मी विचारलं.

ती आत आली, माझ्या हातातून पट्टा घेतला, खमणला उचललं. जाताना वाकून माझ्या पदरावरचा भुगा झटकला. "तुम्ही थांबा बाबांपाशी," म्हणाली. "मी नेते."

लिफ्ट खाली गेली. मी अजून जमिनीवरच होते. घास कोरडा होता, मी तो चावत राहिले. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"ओळख ठेव हं," ते म्हणाले.