जादाच्या सहा गोळ्या

मी एक जुनी थैली आहे. तळहातात मावेन एवढीशी, काळ्या चामड्याची, पाठीला पट्टा ओवायची फट आणि तोंडाला पितळी बटण. मित्रांनो, मला बघून तुम्हाला वाटेल, हिच्यात सुपारी ठेवत असतील नाहीतर किल्ल्या. नाही. माझ्या पोटात सहा छोटी घरं शिवलेली आहेत आणि त्या घरांत रिव्हॉल्वरच्या गोळ्या राहत असत. रिव्हॉल्वरमध्ये भरलेल्या त्या वेगळ्या. त्या संपल्या तर हाताशी असाव्यात म्हणून बरोबर घेतलेल्या, म्हणजे जादाच्या. या जादाच्या गोळ्यांपायी गेल्या दसऱ्याला एक भला माणूस जिवाला मुकला असता. तेच सांगायला आज मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म म्हापशाच्या बाजारातला. सखाराम नावाचे चपला शिवणारे कारागीर होते. त्यांनी मला शिवता शिवता माझ्या मालकांना विचारलं, "शेट, हांतूंत कितें घालतलात? विडयो?" मालक नुसते हसले. काय घालणार ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र तेव्हाच कळलं होतं की मी विड्यांची थैली नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा मला फार तोरा होता.

माझे मालक म्हणजे गोकुळदास शेट. धारगळला त्यांचं घर, घरातच सोनारकामाची खोली आणि म्हापशाला दागिन्यांचं लहानसं दुकान. तयार दागिने पायांशी पिशवीत ठेवून ते स्कूटरवरून रोज जायचे. एकदा त्यांच्या ओळखीच्या एका सोनाराला वाटेत अडवून, डोकं फोडून, चोरांनी पिशवी लांबवली. तो माणूस वाचला, पण त्याची जीभ कायमची अडखळू लागली. त्या घटनेनंतर गोकुळदासांनी परवान्यासाठी खेटे घातले आणि शर्टाखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं, रिव्हॉल्वर बांधायला सुरुवात केली. पाठोपाठ मी आले.

माझ्यावरून घरात पहिला वाद झाला तो शांताराममामांशी. हे भाग्यलक्ष्मीबाईंचे, म्हणजे मालकिणींचे थोरले भाऊ. डिचोलीला राहतात, पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रिव्हॉल्वर कसं धरायचं, कसं उघडून बघायचं, हे त्यांनीच मालकांना शिकवलं. मला बघून मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं.

"भावजी, सा गोळयांनी भागना तें बारांनी भागचें ना. कमरेक जादा गोळयो आसल्यो काय मनीस धांवपाक विसरता."

"आनी सा चुकल्यो तर?" गोकुळदास म्हणाले. "मागीर कितें, चोराक हात जोडूं?"

"हात जोडचे न्हय, पाय काडचे."

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला! मी काय पळपुट्यांसाठी जन्मले होते? गोकुळदासांनी त्यांचं ऐकलं नाही आणि मला त्या वेळी ते योग्यच वाटलं. कमरेला डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला रिव्हॉल्वर, वरून सैल शर्ट, अशी आमची रोजची फेरी सुरू झाली.

मित्रांनो, वर्षं गेली. गोव्याचा पावसाळा चामड्याला सोसत नाही. माझ्यावर दरवर्षी पांढरी बुरशी चढे, घामाने कडा कडक झाल्या, पितळी बटण हिरवं पडून रुसल्यासारखं घट्ट बसू लागलं. मालक रिव्हॉल्वरला तेल देत, पुसून लख्ख करत. मला मात्र सावत्र लेकीसारखं खुंटीला टांगत. निवडणुका आल्या की रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा होई, गोळ्याही जात आणि मी रिकाम्या पोटी भिंतीवर लोंबकळत राही. एवढ्या वर्षांत चोर काही आला नाही.

पण एक गोष्ट मी कमरेवरून रोज पाहत होते. मी आल्यापासून गोकुळदासांची भीती कमी व्हायची ती वाढली. पूर्वी ते रस्त्यात ओळखीच्यांना हात करत. आता मागे गाडीचा आवाज आला की त्यांचा हात आधी शर्टाकडे जाई. चहाला थांबले तरी पाठ भिंतीला लावून बसत. एकदा पेडण्याच्या बाजारात कुणीतरी पाठीवर प्रेमाने थाप मारली, तर यांचा चेहरा असा झाला की तो बिचारा माफी मागून निघून गेला.

आता गेल्या दसऱ्याकडे येते.

खंडेनवमीला घरात शस्त्रांची पूजा होती. कोयता, सुरी, सोनाराची हातोडी, चिमटे, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं होतं. त्यात रिव्हॉल्वरही. गोकुळदासांनी ते नियमाप्रमाणे रिकामं केलं आणि आतल्या गोळ्या लाल कापडात गुंडाळून तबकात ठेवल्या. भाग्यलक्ष्मीबाईंनी वर कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. फुलं इतकी की तबक दिसेना. मी कमरपट्ट्याला तशीच होते. मालक मलाही पाटाकडे नेऊ लागले तर बाई म्हणाल्या, "ती चामड्याची वस्त देवाकडेन नाका हां. भायर खुंटयेक लायात."

म्हणून मी बाहेर राहिले, पोटातल्या सहा गोळ्यांसकट. फुलं नाहीत, कुंकू नाही. मी चांगलीच फुगून बसले होते.

दसऱ्याची सकाळ म्हणजे सोनाराची लगीनघाई. मुहूर्तावर सोनं घ्यायला लोक दारात उभे राहतात. गोकुळदास उजाडताच निघाले. घरात लेक हर्षा आलेली होती. तिचं लग्न वैशाखातच झालं होतं आणि जावई गौरेश बांद्याहून पहिल्या दसऱ्याला मागाहून यायचे होते. खुंटीवरून काढून मालकांनी मला पट्ट्यात ओवलं, पाटावरचं रिव्हॉल्वर उचललं, डोळ्यांना लावलं आणि कमरेला खोचलं. रोज ते उघडून बघत. पण पुजलेलं शस्त्र देवासमोर उघडून तपासायचं कसं? ते त्यांना बरं वाटलं नाही. फुलांखालच्या गोळ्यांची आठवणही राहिली नाही. मोबाईल त्यांनी स्कूटरच्या डिकीत टाकला, पिशवी पायांशी ठेवली आणि आम्ही निघालो.

हायवेवर धुकं होतं. थोडं पुढे गेलो असू, तर मागून एक मोटारसायकल आली. दिवा लावत, विझवत, हॉर्न मारत. गोकुळदासांनी आरशात पाहिलं. स्वार धिप्पाड, अंगात काळं जॅकेट, तोंड हेल्मेटात झाकलेलं. गाडी कोरी करकरीत आणि पुढे झेंडूचा एवढा मोठा हार की नंबर दिसत नव्हता.

दसऱ्याला कुठल्या गाडीला हार नसतो? पण घाबरलेल्या माणसाला हारही मुद्दाम नंबर झाकायला घातलेला दिसतो. त्यांनी वेग वाढवला. मोटारसायकलनेही वाढवला. ते हायवे सोडून शेतांतल्या आतल्या रस्त्याला वळले. ती पण वळली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दोन्ही बाजूंना पिकून वाकलेलं भात. तेव्हा ते सरळ पुढे गेले असते, तर वाडीवर पोचले असते, माणसं भेटली असती. पण त्यांच्या मनात पळण्याचा विचार आलाच नाही. त्यांनी एका काजूच्या झाडाआड स्कूटर थांबवली, रिव्हॉल्वर काढलं आणि उघडून बघितलं.

आत काही नव्हतं.

मित्रांनो, माणसाच्या घशातून असा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. मग त्यांचा हात माझ्यावर आला. ज्या क्षणासाठी मला शिवलं होतं तो हाच! पण माझं बटण उघडेना. वर्षांची बुरशी, हिरवा गंज. त्यांनी नखाने ओढलं, नख तुटलं. शेवटी बटण निघालं तेव्हा मोटारसायकल थांबण्याचा आवाज आला. त्यांनी एक गोळी भरली, दुसरी भरली. तिसरी गवतात पडली, तिचा नाद सोडून पुढची घेतली आणि भरली. बाकीच्या तशाच ठेवून त्यांनी रिव्हॉल्वर मिटलं आणि हात लांब केला.

तो माणूस समोर उतरला होता. त्याने जॅकेटची चेन खाली केली आणि हात आत घातला.

मी मनात ओरडले, "मारा!" होय, मीच. मी तेव्हा अशीच होते.

गोकुळदासांचं बोट चापावर होतं. त्या माणसाने आतून काहीतरी लाल काढलं आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचं हेल्मेट ओढून वर केलं.

"बाबानू! मी, गौरेश!"

ते जावई होते. लाल कापडात तबकातल्या गोळ्या होत्या. मालक निघाले आणि तेवढ्यात गौरेश घरी पोचले. कालच घेतलेली गाडी सासऱ्यांना दाखवायला ते पहाटेच निघाले होते. फुलं काढताना भाग्यलक्ष्मीबाईंच्या हाताला गोळ्या लागल्या. त्यांनी फोन केला, तो डिकीत वाजत राहिला. दागिने घेऊन नवरा रिकाम्या हत्याराने गेला म्हणून त्या रडू लागल्या, आणि गौरेशनी हेल्मेटही न काढता गाडी वळवली.

"किती हॉर्न मारलंय बाबानू! तुम्ही थांबाकच तयार नाय!" ते हसत जवळ आले. मग त्यांची नजर त्या लांब केलेल्या हातावर गेली आणि ते आणखीच हसले. "आणि माकाच रिकामा पिस्तूल दाखवतात! मी तर भियालंय क्षणभर!"

रिकामं! त्यांना वाटलं रिकामं. गोळ्या तर त्यांच्याच हातात होत्या ना. गोकुळदासांनी हात खाली घेतला.

सकाळभर दुकानात गौरेश ही गंमत येईल त्याला सांगत होते. दुपारी घरी जेवताना पुन्हा सांगितली. हर्षा हसून हसून लोटपोट झाली. शांताराममामाही सणाला आले होते. त्यांनी आधी परवाना नसलेल्याच्या खिशात गोळ्या दिल्याबद्दल बहिणीला झापलं आणि मग तेही हसले. गोकुळदासांच्या पानातला भात तसाच होता. कमरेवर मी होते आणि माझ्या पोटातली चार घरं रिकामी होती. ते का, हे त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. गौरेश आपट्याची पानं घेऊन सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले. "घेयात बाबानू, सोना."

गोकुळदासांचा उजवा हात पुढे येईना. त्यांनी रिव्हॉल्वर काढलं, सगळ्यांसमोर उघडलं आणि तळहातावर उलटं केलं. तीन गोळ्या पडल्या.

"सकाळी ह्यो भितर आसल्यो," ते म्हणाले. "म्हजें बोट चापार आशिल्लें. तू हेल्मेट काडपाक इल्लो उशीर करतो जाल्यार..."

गौरेशच्या हातातली पानं गळून पडली. हर्षाने एकदा वडिलांच्या तळहाताकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. तिने गौरेशचा दंड घट्ट धरला आणि वडिलांपासून एक पाऊल मागे सरकली. ते एक पाऊल गोकुळदासांना गोळीसारखं लागलं. शांताराममामा 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना सगळं माफ केलं.

दुसऱ्या दिवशी मालक शांताराममामांना घेऊन गवतात पडलेली गोळी शोधून आले. माझ्यात ठेवायच्या सगळ्या गोळ्या पोलीस ठाण्यात रीतसर जमा झाल्या. रिव्हॉल्वर आहे, पण आता ते दुकानाला जाताना सोबत घेतात ती शेजाऱ्याची गाडी आणि दोन बोलकी माणसं.

मित्रांनो, जादा गोळ्या बाळगाव्यात की नाहीत? तो खरंच चोर असता, तर मालकांच्या हाताशी माझ्याशिवाय काहीच नव्हतं, हेही मी विसरत नाही. म्हणून मी छातीठोकपणे "कधीच नको" म्हणत नाही. पण चोर एवढ्या वर्षांत आला नाही. आला तो घरचा माणूस, आणि मला तोही चोरच दिसला. माझ्या जातीच्या इतर वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. मी तसं म्हणणार नाही. माझं बटण त्या दिवशी सहज उघडलं असतं, तर हर्षा आज विधवा असती. म्हणून मला जपू नका, तुमच्या मागून हाक मारत येणाऱ्या माणसाला जपा. थांबा, नाव विचारा, तोंड बघा. आणि शक्य असेल तिथे पळा हो, पळण्यात कसली लाज!

हर्षा माहेरी येते. गौरेश तर दर रविवारी येतात आणि सासऱ्यांच्या पाया पडतात. पण हर्षा अजून आपल्या वडिलांच्या उजव्या, रिव्हॉल्वरच्या बाजूला बसत नाही.