बँकेच्या भिंतीवरचा दरफलक

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कित्येकांनी घर घेतले आणि कित्येकांनी घराचा बेत पुढे ढकलला. मी एका बँकेतला जुना सागवानी दरफलक. माझ्या कपाळावर 'गृहकर्जाचा व्याजदर' अशी पांढरी अक्षरे होती आणि खाली पितळी आकडे टांगायला खिळे. सुताराने मला इतके घासले होते की पहिल्या दिवशी रोखपालकाकांनी माझ्यात पाहून भांग सारखा केला.

आकडे बदलायचे काम काकांचेच. एकदा घाईत त्यांनी इंग्रजी नऊचा आकडा उलटा टांगला, त्याचा सहा झाला आणि तासाभरात दारापर्यंत रांग लागली. तो सरळ करताना काकांनी जी बोलणी खाल्ली, ती मला अजून आठवतात!

दर मात्र ना काका ठरवत, ना मी. सगळ्या बँकांना पैसे पुरवणारी एक मोठी मध्यवर्ती बँक असते. महागाई वाढली की ती आपला दर वाढवते. मग आमच्या बँकेलाही पैसा महाग पडतो आणि माझ्यावरचा आकडा चढतो. तो चढला की समोरच्या अर्धवट इमारतीवरच्या सिमेंटच्या पराती थांबत, बिल्डर दारात जांभया देत बसे. उतरला की तोच बिल्डर पेढे वाटल्यासारखी माहितीपत्रके वाटे.

माझ्यावर आठ टांगलेले असताना एक बाई आल्या. पुस्तकबांधणी करायच्या, म्हणून सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणत. सोबत नणंद होती. दोन खोल्या आणि पुढे कामापुरती पडवी, एवढ्यासाठी त्यांनी पंधरा वर्षांचे कर्ज घेतले.

"वहिनी, फिटेपर्यंत साठीला टेकाल की!" नणंद म्हणाली.

"टेकू दे. साठीनंतर सुईत दोरा ओवायला तू आहेसच."

तीन वर्षांनी महागाई भडकली. माझ्यावर आठाचे नऊ झाले, नवाचे दहा, दहाचे अकरा. बाईंचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून त्या निश्चिंत होत्या. मग एक दिवस पत्र हातात घेऊन त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. हप्ता वाढवण्याऐवजी बँकेने वर्षे वाढवली होती. पंधराची वीस! त्यांची बोटे आतापासूनच आखडू लागली होती. पासष्टीपर्यंत ती चालणार कशी? बोटे थांबली की हप्ता थांबणार, आणि हप्ता थांबला की घर जाणार.

दीड वर्षाने महागाई निवळली. मध्यवर्ती बँकेने दर भराभर उतरवला आणि काकांनी माझ्यावर साडेसात टांगले. त्याच दुपारी बाई लगबगीने आल्या. पण त्यांच्या कर्जाचा दर अकराच!

नवे शाखाधिकारी म्हणाले, "बाई, फलकावरचा दर नव्या कर्जदारांसाठी असतो."

"असं? चढताना फलक माझा, आणि उतरताना नव्यांचा?"

"नियम आहे तसा."

"कुठे लिहिलाय? मला दाखवा."

साहेबांनी फाइल मागवली. फाइल आली, पण तिसरे पान कुठे गळाले होते कुणास ठाऊक. बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढले. मित्रांनो, त्यांनी कर्जाचे सारे कागद शिवून, वर निळे कापडी पुठ्ठे चढवून त्यांचे चक्क पुस्तक केले होते! बांधणाऱ्याच्या हातून पान कसे गळेल?

"काका, तिसरं पान वाचा. मोठ्यानं."

काकांनी चष्मा पुसला. "शाखेच्या दर्शनी फलकावर वेळोवेळी लागेल तोच दर या कर्जास लागू राहील." वाचताना काकांचा आवाजच चढला.

सगळी शाखा माझ्याकडे पाहू लागली. नणंद म्हणाली, "साहेब, फलक भिंतीवरच आहे. हवं तर विचारा त्याला!"

मला बोलता आले असते तर मी गर्जलो असतो. साहेबांनी दोनदा पान वाचले, मुख्य कार्यालयाला फोन लावला, आणि आठ दिवसांत पत्र आले. फलक साडेसातवर आला त्या दिवसापासूनच बाईंना तो दर लागला. वीस वर्षांचे कर्ज साडेपंधरांवर आले. त्या महिन्यात कितीतरी जुने कर्जदार ट्रंका उपसून आपापली तिसरी पाने शोधत आले आणि हसत परत गेले.

पुढे शाखेत दर दाखवणारा चकचकीत विजेचा पडदा आला. मला जिन्याखाली टाकले. अंगावर कोळ्यांनी जाळी विणली, बादल्या टेकल्या. पण साठी उलटून सहा महिने झाल्यावर बाई शेवटचा हप्ता भरायला आल्या आणि म्हणाल्या, "माझा फलक कुठाय?" त्यांनी मला रिक्षात घालून घरी नेले आणि तेलाच्या बोळ्याने पुसले.

तेव्हा मित्रांनो, घराइतकेच घराचे कागदही जपा. सही करण्याआधी ते वाचा, आणि एकही पान सुटे ठेवू नका. मी आता बाईंच्या पडवीत, त्यांच्या नजरेसमोर असतो. माझ्या खिळ्यांवर दोऱ्यांची रिळे लटकतात. मधल्या खिळ्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने एकच आकडा टांगला आहे. शून्य.