दांडीचा ब्रेक

आमच्या मालकाला उजव्या पायाचं काय बी कळत न्हाई, हे मला म्हाईत व्हतं. त्यांना बी म्हाईत व्हतं. पण आमी दोघं एकमेकाला ते बोललो न्हाई, अन् त्याच उन्हाळ्यात आमी मोटार घ्यायला निघालो. आता सांगा, ह्याला काय म्हणावं?

नीट सांगते. मी पंचफुला. उदगीरला विहाराच्या मागल्या गल्लीत राहतो आमी. मालक म्हणजे माझा नवरा, व्यंकटी ड्रायव्हर, एसटीत जन्म गेला त्यांचा. बिलोली, नांदेड, लातूर, सगळ्या रस्त्याचे खड्डे तोंडपाठ. त्यांच्या हातनं कधी एक कोंबडी मेली न्हाई, अन् ही गोष्ट ते रोज कुणाला ना कुणाला तरी सांगणारच. ऐकून ऐकून माझे कान किटले. रिटायर झाल्यावर स्कूटी घेतली. बाजार, दवाखाना, देवर्जनला माझ्या बहिणीकडं जाणं, अन् दुष्काळ पडल्यापासनं फिल्टरच्या पाण्याचे कॅन आणणं, सगळं त्या स्कूटीवर.

साखर त्यांना लई वर्षांची. विहारात तपासणीचं शिबिर भरलं तवा डॉक्टरीणबाईनं त्यांना डोळे मिटायला लावले, पायाला कापूस लागला की सांगा म्हणली. बाईचा हात अजून पायापर्यंत गेला बी न्हवता, अन् हे म्हणले, हाव, लागला. बाई हसली, तिला वाटलं थट्टा करून राहिले. पुन्यांदा डोळे मिटवले. आता हे पापणीच्या फटीतनं बगून बगून हाव म्हणत गेले. मागं रांग मोठी व्हती, बाई फसली. मी शेजारीच बसले व्हते, मी कशाला फसते? घरी येईस्तोवर मी वाट बगितली, आता सांगतील, मग सांगतील. त्यांनी चहा मागितला.

पुढं महिन्याभरात स्कूटीवरनं पडले. उभ्या गाडीवरनं पडले, बरं का. थांबायला पाय टेकवला, पाय कुठं टेकला ते कळलं न्हाई, अन् गाडी अंगावर. लोकांना सांगितलं, वाळू व्हती. वाळू-बिळू काय बी न्हवती तिथं.

लेक पंचशीला, आमची शीला, नांदेडला बँकेत हाय. तशीच रजा टाकून आली. तिनं स्कूटीची चावी पर्समध्ये घातली अन् दोघांना समोर बसवून निकाल दिला. एक तर जवळच्या जवळ फिरायला लहान चारचाकी घ्यायची, न्हाईतर इथलं घर बंद करून नांदेडला तिच्या फ्लॅटमध्ये यायचं. फ्लॅट चांगला हाय, मी नाव ठेवत न्हाई. पण तिथं माणूस सकाळी गॅलरीत बसतं अन् संध्याकाळी गॅलरीतनं उठतं. हे लगेच म्हणले, चारचाकी. म्हणले, उदगीर आता नवा जिल्हा होणार हाय, सगळी हाफिसं इथंच येतील, लातूरला जायचं बी काम पडणार न्हाई, लहान गाडी लई झाली. जिल्हा होणार हे मी लग्न होऊन आले तवापासनं ऐकून राहिले. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बगून मी गप बसले.

गप बसले, ते मला लई जड गेलं. बोलले तर घराला कुलूप, अन् ह्या माणसाची सगळ्यांसमोर शोभा. न बोलले तर कुण्या तरी बाईचा, लेकराचा जीव. झोप उडाली माझी. अन् म्हाताऱ्या डोक्यानं मी एक मधलीच वाट काढली.

ते एसटीत व्हते तवा मी कधीमधी बिलोलीपर्यंत जायची त्यांच्यासंगं. इंजिनाच्या बाजूच्या सीटवर बसायची. गाडी थांबली की हे हातब्रेकची दांडी कर्रकन वर ओढायचे, अन् मला म्हणायचे, बाकी काय बी बिघडू दे, ही दांडी वर गेली की गाडी उभी. ते माझ्या ध्यानात बसलं व्हतं. मी ठरवलं, गाडी कंची बी घ्या, दांडी दोघांच्या मधी पायजे, अन् माझा हात तिला पोचला पायजे.

लातूरच्या शोरूमात मन्मथ नावाचा पोरगा भेटला. गोड बोलणारा. त्यानं सांगितलं, वयस्कर माणसाला सीट उंच पायजे, खाली वाकून बसावं लागू नये, बूड आधी टेकवून मग पाय आत घेता आले पायजेत. दार मोठं पायजे, काचा मोठ्या, स्टेअरिंग हलकं, अन् गल्लीत एका दमात वळली पायजे. पोराचं सगळं खरं व्हतं. मग त्यानं बॅटरीची गाडी दाखवली. आवाज न्हाई, गेअर न्हाई, पायाखाली दोनच पायडल. पंचशीलाला लई आवडली. म्हणली, बाबांच्या गुडघ्याला क्लचचा त्रास नको.

मला वाटलं आता हे भडकणार. बिनगेअरची गाडी म्हणजे पाळणा, असं जन्मभर म्हणलेला माणूस. पण ते मान हलवून हळूच म्हणले, चालतंय की. तवा मला खरी भीती वाटली. क्लचच्या पायाचा बी भरवसा राहिला न्हवता म्हणायचा त्यांना.

मी डाव्या सीटवर बसले अन् मधी हात घातला. दांडीच न्हाई. मन्मथ म्हणला, मावशी, आता बटण असतंय. मी म्हणले, ही गाडी नको. पंचशीलानं कारण विचारलं. काय सांगू? मी म्हणले, लाईट गेली तर बटण कसं चालंल? सगळं शोरूम हसलं. हसा म्हणलं. हे मात्र हसले न्हाईत. चिडले. चार लोकांत म्हणले, तुला काय कळतं गाडीतलं? माझ्या जिभेच्या टोकाशी आलं व्हतं, तुमच्या पायाला कळत न्हाई तेवढं मला कळतं. गिळलं मी ते. पण हट्ट सोडला न्हाई. दांडीची गाडी आणा, न्हाईतर मी चालले स्टँडवर. लेक माझ्याकडं टकामका बगत राहिली. तिला काही तरी खटकलं व्हतं, पण आईचं डोकं फिरलंय एवढंच ती समजली असंल.

चार-आठ दिवसांनी मन्मथ दुसरी गाडी घेऊन उदगीरला आला. पेट्रोलची, उंच सीटची, पायडल दोनच, अन् मधोमध काळी दांडी. पंचशीला बी नांदेडहून आली व्हती. चालवून बगायचं ठरलं. मन्मथ रीतीनं ह्यांच्या बाजूला बसायला लागला तर मी त्याला दंडाला धरून मागं बसवलं. म्हणले, रोज मीच बसणार हाय इथं, मला बसून बगू दे. मागं मन्मथ अन् शीला, पुढं आमी. बसल्या बसल्या मी डावा हात मांडीवर ठेवला अन् उजवा दांडीजवळ.

देगलूर रोडला गाडी लई सुरेख चालवली त्यांनी, खोटं कशाला बोलू? स्टेअरिंग हातात आल्यावर पाठ ताठ झाली, हात तरणे झाले. कर्नाटकच्या गाड्यांना साईड देताना हात बाहेर काढत व्हते जुन्या सवयीनं. शीला मागनं म्हणली, बाबा, किती दिवसांनी तुम्हाला असं बघितलं. माझ्या बी डोळ्यात पाणी आलं. वाटलं, मीच येडी, उगंच जीव खाऊन राहिले. दांडीवरचा हात मी काढून घेतला.

अन् मग गाडी आमच्या गल्लीला वळली.

टँकर यायचा व्हता. यायच्या आधी रस्त्यावर घागरींची रांग असते, ज्याची घागर जिथं तिथं त्याचा नंबर. बाया भिंतीच्या सावलीला बसल्या व्हत्या, उन्हात एकट्या घागरी. कोपऱ्यावरची लक्ष्मम्मा तेवढी रांगेच्या पुढं वाकून आपली घागर दगडानं टेकवत व्हती, पाठ आमच्याकडं.

मी म्हणले, हळू घ्या. ते म्हणले, घेतोय की.

इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मी त्यांच्या तोंडाकडं बगितलं. काय बी न्हवतं तोंडावर, शांत. त्यांना वाटून राहिलं व्हतं ब्रेकवरच पाय हाय. गाडी थांबंना म्हणून त्यांनी अजून दाबला. गाडीनं उडी घेतली. पहिली घागर खडाड करून चाकाखाली गेली, लक्ष्मम्मानं मान वळवली, अन् तिचं तोंड मला काचेतनं एवढं मोठं दिसलं.

"पाय उचला!" मी ओरडले, अन् दोन्ही हातांनी दांडी ओढली. त्यांनी दचकून पाय वर घेतला, माझ्या खांद्यातनं कळ गेली. मागनं टायर घासत आले, गाडी वाकडी झाली, घागरी एकमेकीवर आदळल्या. मग गाडी थांबली. लक्ष्मम्मा बंपरच्या पुढं हातभर लांब, जमिनीवर बसलेली, घागर पोटाशी धरून.

कुणाला खरचटलं बी न्हाई. पण बाया उठल्या, त्या काय ऐकतात? घागरी फुटल्या ते राहिलं बाजूला, रांग मोडली. माझा नंबर पुढं, तुझा मागं, एकच गलका. मन्मथ पांढराफटक पडून बसला व्हता. हे दार उघडून खाली उतरले. वाकून एकेक घागर उचलायला लागले, कुणाची कुठं ते बायांना विचारून विचारून जागेवर ठेवायला लागले.

मी खाली बगितलं. त्यांची उजवी चप्पल पायडलच्या खाली अडकून राहिली व्हती.

मे महिन्यातली दुपार. डांबर एवढं तापलेलं की कुत्रं बी त्यावरनं पळत जातं. अन् हा माणूस एका उघड्या पायानं त्या डांबरावर उभा, घागरी मांडून राहिलेला, सावकाश. बायांचा आवाज हळूहळू बंद झाला. लक्ष्मम्माच पहिल्यांदा बोलली.

"अण्णा, पाय भाजून राहिला की तुमचा."

त्यांनी खाली बगितलं. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं बगितलं. शीला गाडीतनं उतरली व्हती, तोंडावर हात घेऊन उभी.

"मला कळत न्हाई, शीला," ते म्हणले. "लई दिवस झाले."

मी चप्पल घेऊन पळाले, त्यांना धरून ओट्यावर बसवलं. तळव्याला हे एवढे फोड. लक्ष्मम्मा घरात गेली अन् प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. जिच्या अंगावर आमी गाडी घातली व्हती ती. तिनं पायावर पाणी सोडलं तसा ह्यांनी तांब्या धरला, म्हणले, बाई, प्यायचं पाणी नासू नका. पाणी गार हाय का ऊन, ते बी त्यांना उमगलं नसंल. मला रडू आवरलं न्हाई. रडले मी, भर गल्लीत.

ते माझ्याकडं बगून म्हणले, "तुला म्हाईत व्हतं."

"हाव."

"म्हणून दांडी पायजे व्हती."

"हाव."

मग बोलली का न्हाईस, असं त्यांनी विचारलं, तवा माझा पारा चढला. म्हणले, तुमी तरी कुठं बोलले? दोघं बी नांदेडला भ्यालो, अन् ती बाई आज मेली असती. शीला डोळे पुसत म्हणली, आता काही विचारायचं नाही, सामान बांधा. मी म्हणले, थांब. गाडी घ्यायची. ह्यांनी चालवायची न्हाई, मी चालवणार. पोरीला वाटलं ऊन लागलं मला. मन्मथला वाटलं असंल गाडी परत न्यावी अन् ह्या गल्लीचं नाव घेऊ नये.

पाय बरा व्हायला दिवाळी आली. बोट काढायची वेळ आली व्हती, वाचलं. नांदेडला दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर शीलावरच रागावला, एवढा उशीर का केला म्हणून. तिनं ऐकून घेतलं, आमचं नाव सांगितलं न्हाई. तिच्याकडं पाहुण्यावाणी राहून आमी घरी आलो, अन् शीलानं माझा हट्ट मानून तीच दांडीची गाडी घेऊन दिली. फुटक्या घागरींच्या बदल्यात नव्या घागरी ह्यांनी स्वतः घरोघर नेऊन दिल्या.

पायाला पट्टी व्हती तवाच मी मार्केट यार्डाच्या मैदानात गाडी शिकले. शिकवणारे हेच, अन् शिव्या बी ह्यांच्याच. लायसन हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला दवाखान्यात निघालो, मी उजवीकडं, ते डावीकडं. त्यांचा हात दांडीवर. गल्लीच्या तोंडाला पुन्यांदा घागरी मांडलेल्या, पावसानं त्याही साली तोंड फिरवलं व्हतं. लक्ष्मम्मानं आमाला बगून आपली घागर उचलून छातीशी धरली, अन् हसली.

"ब्रेक," ते हळूच म्हणले.

"दाबलाय," मी तडकून म्हणले. "माझ्या पायाला कळतं."

म्हणून गेले अन् जीभ चावली मी. असं कुणी बोलतं का आपल्या माणसाला? मग त्यांनी दांडीवरचा हात काढला अन् मांडीवर ठेवला.

"म्हणून तर तिथं तू बसलीस," ते म्हणले.

मी घागरींच्या कडेनं सावकाश गाडी काढली अन् दवाखान्याच्या रस्त्याला लागले.