फ्लेक्सवरची केसरबाई

"कार्ड भरलं का रे?" केसरबाईनं पुन्हा विचारलं.

"भरतो मावशी, दम धरा की जरा. आदी तुमच्या नावाचं खातं तर उघडू द्या." अल्ताफनं कीबोर्डवरून मान वर केली नाही. नेकनूरच्या स्टँडसमोर त्याचं मल्टीसर्व्हिसेसचं दुकान. सातबारा, पीकविमा, लाइट बिल, सगळं गाव त्याच्याच कॉम्प्युटरमधून जातं. "मोबाइल द्या हिकडं, मेसेज आला आसंल."

केसरबाईनं कनवटीचा बटणांचा मोबाइल काढून दिला. आपल्या नावाचं खातं म्हणताच बाई जरा सावरून बसली.

अल्ताफनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. मधे भोक असलेली, खाली भांडं लावलेली लोखंडी खुर्ची. "हीच ना?"

"हीच बाबा. दोनी अंगाला धरायला दांड्या हायत न्हवं? तेवढं बघ."

तिच्या नवऱ्याच्या, सुंदररावांच्या अंगावरून वारं गेल्याला दोन पावसाळे झाले. उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. घरात संडास आहे, पण खाली बसायचा. गुडघाच वाकत नाही तर माणूस बसणार कसा? प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून बघितलं. तिचे पाय फाकले आणि सुंदरराव आपटले. तेव्हापासून घरामागं, लुगड्याच्या आडोशाला, केसरबाई नवऱ्याला काखेत धरून उभी राहते. बायकोला हे करावं लागतं या लाजेनं त्या माणसानं जेवणच तोडलं. अर्धी भाकरी खातो आणि पाणी नको म्हणतो. पोट रिकामं तर उठवायची कटकट नाही, हे त्याचं गणित. जन्मभर शाळेत खिचडी शिजवून बाईनं गावाची पोरं पोसली, आणि घरातल्या एका माणसाच्या पोटात भाकरी जात नाही. काय म्हणावं याला!

ते कार्ड त्या खिचडीचंच. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, त्यात तिला शाल, नारळ आणि पाकिटाऐवजी ऑनलाइन दुकानाचं कार्ड मिळालं. पुण्याला गेलेल्या पोरांनी वर्गणी करून घेतलेलं. त्यावरचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला की वस्तू घरपोच. सत्कार हनुमानच्या हस्ते, कारण तोही त्याच शाळेचा, यंदा निवडणुकीला उभा, आणि मंडप त्याचा. त्यानं स्टेजवरच नाण्यानं कार्डाची चंदेरी पट्टी खरवडली. "मावशीला कुठं जमायचं!" म्हणत माइकवर हसला. मग तिचा हात धरून कार्ड उंच केलं. "क्यामेऱ्याकडं बघा मावशी. हां, आसं!"

दुसऱ्या दिवशी पितरपाठ लागला. पितरपाठात नवी वस्तू घरात आणत नाहीत. केसरबाईनं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, रोज हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "घट बसले की खुर्ची आलीच म्हना." आज सकाळी घट बसवून ती तडक इथं आली होती.

अल्ताफनं नंबर टाकून बटण दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. त्यानं नंबर खोडला, एकेक आकडा बघून पुन्हा टाकला. पुन्हा लाल.

"काय म्हनतंय?"

"म्हनतंय, हे कार्ड आदीच दुसऱ्या कुनाच्या खात्यात भरलंय."

"आसं कसं? देवापाशी हुतं. माज्याबिगर कुनी हात न्हाई लावला त्याला."

"हात लावायची गरज न्हाई मावशी. नंबर कळला की झालं."

त्यानं मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, वापरलेलं कार्ड परत होत नाही आणि कुणी वापरलं ते सांगता येत नाही.

"पन नंबर कळला कुनाला?" अल्ताफ वैतागून म्हणाला, आणि त्याची नजर दाराबाहेर गेली. "या अल्ला!"

समोरच्या खांबावर फ्लेक्स होता. 'अन्नपूर्णेचा सन्मान'. हनुमान आणि केसरबाई, दोघं पुरुषभर उंच. बाईच्या वर केलेल्या हातात कार्ड. छपाई फार चांगली होती. दुकानात बसून नंबर वाचता येत होता. सगळा पितरपाठ तो तिथं टांगलेला होता आणि अख्खा स्टँड त्याच्याखाली चहा पीत होता. मेल्यांनो, खिचडी कमी पडली होती का रे?

अल्ताफनं हनुमानला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आता मला काय म्हाईत कुनी उचलला नंबर?" हनुमान म्हणाला. "मावशी, तुमी कावून इतके दिस थांबलात? पन फोटु लई झाक आलाय बरं का तुमचा! मतं दोनच ना घरात? मालकाची काळजी करू नका. मतदानाला गाडी पाठवतो, पोरं उचलून नेत्याल त्यान्ला."

केसरबाईनं स्वतः हात लांब करून फोन बंद केला. मग म्हणाली, "अल्ताफ, शिडी हाय का?"

"कशाला?"

"त्यो फ्लेक्स काडून दे मला."

"हनुमानभाऊ चिडंल ना मावशी."

"चिडू दे. माजाबी फोटु हाय त्यात."

अल्ताफनं शिडी लावली. दोऱ्या कापताना चहावाले, रिक्षावाले बघत राहिले. एकानंही काय झालं म्हणून विचारलं नाही. केसरबाईनं फ्लेक्सची गुंडाळी केली आणि डोक्यावर घेतली.

घरामागच्या काठ्यांवरचं विरलेलं लुगडं तिनं काढलं आणि फ्लेक्स बांधला. चित्राची बाजू आत घेतली. हनुमानचं तोंड तिला गावाला दाखवायचं नव्हतं. सुंदररावांना काखेत धरून आणलं, तेव्हा ते आधी इकडंतिकडं बघू लागले.

"खुर्ची?"

"न्हाई येत."

तिच्या खांद्यावर भार टाकून ते समोरच्या चित्राकडं बघत राहिले. शाल, हसरा चेहरा, वर केलेला हात.

"लई... चांगली... दिसतीस," ते म्हणाले. केसरबाईनं तोंड फिरवलं. धरलेल्या माणसाला सोडून डोळे पुसता येत नव्हते.

संध्याकाळी तिनं त्यांच्या ताटात अख्खी भाकरी वाढली. सुंदररावांनी डाव्या हातानं ती मोडली आणि अर्धी बाजूला सारली. मग उरलेल्या अर्धीकडं बघितलं, आणि तीही मोडून त्यातली चतकोर तिच्या ताटात ठेवली.