साहेबांच्या कुलपातली एक पेशी

आधीच सांगून ठेवतो, हे तुम्हाला पटणार नाही. पटलं तर मला तुमच्या डोक्याची काळजी वाटेल. कुलूपबंद कपाटात एकट्या बसवलेल्या एका जिवाने इतकी निराळी पोरं काढली, की कुठल्याच दोघांचा चेहरा जुळेना. आणि त्यापायी माझी सख्खी बहीण चोर ठरता ठरता राहिली.

परवा जेवणं उरकल्यावर ताईच्या घरी मी ही सुरुवात केली, तेव्हा भाची सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, जावई दात कोरत होते, आणि ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तीच ती बहीण.

“मामा, खरी गोष्ट की तुझी?” भाचीने विचारलं.

“माझी आणि खरी.”

ताईने उशीचा अभ्रा झटकला.

तर त्या काळी आम्ही दोघं एका प्रयोगशाळेत होतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे यायचा. त्यातल्या पेशी बाटलीत घालायच्या, त्यांना लालसर पातळ खाद्य द्यायचं आणि उबदार कपाटात वाढवायच्या. मी बाटल्या धुवायचो. ताईचं काम नाजूक. पेशीच्या पोटात गुणसूत्रं असतात, म्हणजे तिने कसं वागायचं त्याच्या सगळ्या सूचना भरलेल्या बारीक काड्या. त्या मोजता येतील अशा काचा ताई बनवायची. पेशी पाण्याने फुगवायच्या आणि त्यांचा थेंब उंचावरून काचेवर सोडायचा, की पेशी फुटून काड्या पसरतात. उंची कमी पडली तर नुसता ढीग. जास्त झाली तर शेजारणीच्या काड्या हिच्यात. ताई खांद्याच्या उंचीवरून सोडायची, आणि त्याआधी काचेवर ‘हाः’ करून तोंडाची वाफ धरायची. दमट काचेवर काड्या छान सुट्या होतात.

सगळं बरं चाललं होतं. मग ती गाठ आली.

निरोगी पेशीत गुणसूत्रं सेहेचाळीस. गाठीत आकडा चुकणार, हे आमच्या साहेबांना ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं असं, की बिघाड एकदा काय व्हायचा तो होऊन जातो, मग गाठ आपला आकडा धरून बसते. ही बया काही बसेना. एका काचेवर एकसष्ट, दुसरीवर चौऱ्याहत्तर, आणि तिच्या शेजारीच अठ्ठावन्न. औषध घातलं की बाटली साफ व्हायची. मग तळाशी तगलेल्या चार-दोन पेशी पुन्हा बाटली भरून टाकायच्या, आणि त्यांना तेच औषध म्हणजे सरबत.

“कोणीतरी दुसऱ्या रोग्याच्या पेशी यात मिसळतंय,” साहेब म्हणाले. हे बोलताना त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त ताईच्या हातांकडे बघत राहिले.

मिसळल्याचं ठरलं असतं तर ताई त्याच दिवशी घरी. आणि हात घाण असलेल्या बाईला दुसरी कुठली प्रयोगशाळा दारात उभं करत नाही.

त्यानंतर तिथली हवाच बिघडली. ताई काचेवर वाफ धरायला लागली की साहेब मान वाकडी करून बघायचे. “हे फुंकणं कशाला, बाई?” एकदा त्यांनी विचारलं. आधी ते त्याच फुंकण्याचं कौतुक करायचे. कपाट उघडलं की तीन माना वळायच्या. बाटल्यासुद्धा एकमेकींपासून अंग चोरून उभ्या असायच्या.

साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. “बहिणीवर जरा लक्ष ठेव.”

मी साफ नाही म्हणालो. सख्खी बहीण ती. पण जाता-येता दिसतं ते बघायला काही डोळे फोडून घेणार होतो का? आणि दिसायला लागलं ना. ताई हात एकदा धुतल्यावर पुन्हा धुते. त्या गाठीची बाटली वरच्या फळीवरून खालच्या फळीवर नेते, तिच्यावरची चिठ्ठी भिंतीकडे करते. मी आलो की एप्रनच्या खिशात काहीतरी लपवते. आता तुम्हीच सांगा.

शेवटी मी त्या कपाटात जाऊन बसलो. हसू नका. अंगाच्या उष्णतेइतकंच गरम असतं ते, सवय होते. गुडघे कानाला लावून दोन फळ्यांच्या मधे बसलो, डाव्या बाजूला फुप्फुसाच्या गाठीची बाटली, उजव्या बाजूला आतड्याच्या, आणि दाराच्या काचेतून बाहेर बघत राहिलो.

“आणि तुमच्या अंगावर काही उगवलं नाही?” जावई म्हणाले.

“हे टक्कल तेव्हाचंच आहे. पेशींनी केस खाल्ले.”

तर बघतो काय, ताई आली, खिशातून शिवणाचा दोरा काढला आणि कपाटाच्या दारावर आडवा चिकटवून गेली. म्हणजे तिच्यामागे कोणी दार उघडलं तर तिला कळावं. ती माझ्यावर पाळत ठेवून होती!

“आई, तुझा मामावर संशय होता?” भाची उठूनच बसली.

“मग कोणावर घ्यायचा होता?” ताई म्हणाली. “एक बाटली न सांडता धुतली असेल त्याने तर शपथ.” आणि तिने माझ्या अंगावर एक टॉवेल टाकला. “बोलतोयस तोवर ह्याची घडी घाल.”

मी घडी घातली. पुढे साहेबांनी सापळा लावला. त्या गाठीतली एकच पेशी त्यांनी स्वतः उचलली, एकटीच एका खळग्यात ठेवली, वेगळ्या कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. खाद्यही साहेब स्वतःच घालणार. एकाच आईची पोरं, बाहेरचं कोणी शिरणार नाही, तेव्हा आकडा एकच यायला हवा. आला, की ताई गुन्हेगार.

पोरं वाढली. काचा बनवायला साहेबांना ताई नको. स्वतः थेंब सोडला तर उंची कमी पडून सगळा ढिगारा. मग मला हाक. मी म्हटलं, साहेब, संशयाला जागाच नको, आणि जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. साहेब तळमजल्यावर काच धरून उभे. थेंब सोडला, तो काचेच्या मधोमध. काड्या अशा पसरल्या, जशा दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांच्या जोड्या.

“वारा नव्हता?” जावयांनी विचारलं.

“वाऱ्यावरही संशय होता ना. तो बिचारा श्वास रोखून होता.”

साहेब मायक्रोस्कोपला चिकटले. आम्ही दोघं मागे उभे. पहिली पेशी साठ. दुसरी त्रेसष्ट. तिसरी एकाहत्तर. साहेबांनी पुन्हा मोजलं. मग गळ्यातली किल्ली चाचपली, कुलूप हलवून पाहिलं.

मिसळणारं कोणी नव्हतंच. पेशी दोन होताना काड्यांची दोघींत सारखी वाटणी व्हावी लागते. दोऱ्यांनी ओढून इकडची इकडे, तिकडची तिकडे. एखादी काडी चुकीच्या दोऱ्याला लागली तर धड पेशी थांबते, दुरुस्त करते, नाहीच जमलं तर स्वतःच मरते. हिच्यात ते थांबणंच मोडलेलं. दर पिढीला वाटणी चुकायची आणि तरी गाडी पुढे. बरीच पोरं त्यात मरायची, पण उरलेल्यांत हर तऱ्हा. म्हणून कुठलंही औषध घाला, त्याला पुरून उरणारी एखादी त्या गर्दीत आधीच बसलेली.

“बापरे,” भाची हळूच म्हणाली. “मग आईचं?”

“आईचं काय? साहेब खुर्चीवरून उठले. सगळ्या प्रयोगशाळेसमोर ताईपुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, बाई, मी तुमच्यावर नको तो संशय घेतला. माझं चुकलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मी ताईच्या पाठीवर हात ठेवून—”

“खोटं,” ताई म्हणाली. तिने वर पाहिलं नव्हतं. “कपाटात बसलास, जिन्यावरून थेंब सोडलास, सगळं ऐकून घेतलं. साहेब वळले ते उरलेल्या काचा मागायला. माझी माफी कोणी मागितली नाही. त्यांनी नाही, आणि तू पण नाही.”