पिवळ्या खात्यातला गुरप्पा

पार्वतम्माने जावयाचं धोतर दोन्ही हातांनी उंच धरलं आणि सगळ्या चाळीला फिरवून दाखवलं. धोतर दिवाळसणाचं होतं, कोरं होतं, पांढरंशुभ्र होतं; आणि नेमक्या बसायच्या जागी पिवळंधमक होतं.

"ह्ये कुणाचं काम?" तिने विचारलं.

विचारायची तशी काही गरज नव्हती. पार्वतम्मा चाळीची मालकीण. आठ खोल्यांत कोण किती वाजता खोकतो हेसुद्धा तिला ठाऊक. आणि जिथे हात लावेल तिथे पिवळा ठसा उमटवणारा माणूस त्या आठ खोल्यांत एकच होता. तो, म्हणजे गुरप्पा, आपल्या उंबऱ्यावर बसून भाकरी खात होता. 

"अव्वा, वाऱ्यानं खाली पडलं हुतं. म्या फकस्त उचलून दोरीवर टाकलं."

"फकस्त! आन् जावई काय म्हनतोय ठावं हाय? म्हनतोय, मामी, हळद तर लग्नातच झाली की. आता परत कशाला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गुरप्पालाही हसू आलं होतं, पण ते त्याने भाकरीबरोबर गिळलं. ते बरं केलं, कारण पार्वतम्माचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आदी माजी गाय पिवळी झाली, बोलले न्हाय. हौदाचं पानी पिवळं झालं, गप बसले. आता न्हाय. येळ अमुशेच्या आत खोली रिकामी पायजे मला. आइकलंस?"

गुरप्पाने ऐकलं; येळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षाची अखेर. त्याची बायको नागव्वा आत चुलीपुढे बसली होती, तिनेही ऐकलं, आणि तिच्या तव्यावरची भाकरी करपली.

गुरप्पा अकरा वर्षे रंगाच्या कारखान्यात होता. तिथे लाल, निळं, हिरवं अशी खाती होती. हा पिवळ्या खात्यात. मोठाल्या पिंपांत रंग शिजायचा, ताटांत वाळायचा, आणि वाळलेल्या वड्या चक्कीत दळून त्यांची पूड डब्यांत भरायची. दळणं आणि भरणं गुरप्पाकडे. ती पूड इतकी बारीक की नाकातोंडाला फडकं बांधलं तरी तिला वाट सापडायचीच. गुरप्पाचा घाम पिवळा यायचा. उशी पिवळी, बनियन पिवळं, विडीचं टोक पिवळं. सोलापुरी चादरीवरच्या पिवळ्या मोराचं लोक तोंडभरून कौतुक करत. तो पिवळा दळतो कोण, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काविळीची औषधं तर त्याला येता-जाता कुणीही सांगे. एकदा एका वैद्याने भर बाजारात धरून त्याच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली आणि बजावलं, "पिवळेपणा गेल्याबिगर काडायची न्हाय." गुरप्पा भिडस्त. त्याने ती माळ दोन वर्षे वागवली. शेवटी माळच पिवळी झाली, तेव्हा नागव्वाने ती तोडून चुलीत घातली.

तरी आजवर निभावलं होतं, कारण कारखान्यात सुट्टीच्या वेळी आंघोळीला पाणी मिळायचं. दोनदा साबण लावला की गुरप्पा निदान माणसात येईल इतपत फिका व्हायचा. पण हे बहात्तर साल. पाऊस झालाच नव्हता. कार्तिकातच कारखान्याने न्हाणीघराला कुलूप घातलं आणि माणशी एक तांब्या पाणी ठरवलं. एका तांब्यात गुरप्पाचे कानसुद्धा धुऊन निघत नसत. राहिलेला सगळा रंग घेऊन तो घरी येऊ लागला, आणि चाळीत रोज काहीतरी पिवळं होऊ लागलं.

नागव्वाने चार ठिकाणी खोली विचारली. चारही मालक आधी हो म्हणाले, आणि गुरप्पाला बघितल्यावर चौघांचेही पाहुणे यायचे निघाले.

"आता मल्लय्यालाच साकडं घातलंय म्या," ती पार्वतम्माला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "माझ्या धन्याचं डोस्क्यावरचं छप्पर ऱ्हाऊ दे म्हनलंय."

पार्वतम्माचाही कुलस्वामी तोच मल्लय्या, म्हणजे जवळच्या बाळे गावचा खंडोबा. पण धोतर तिसऱ्यांदा उकळायला ठेवलं होतं, तिकडे ती गेली.

मग चंपाषष्ठीचा दिवस उजाडला. निम्मं सोलापूर बाळ्याला यात्रेला गेलं होतं. गुरप्पाला सुट्टी नव्हती. तो चक्कीवर उभा होता, आणि दुपारी तीनच्या सुमारास चक्कीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी उभी फाटली. पाच-सात किलो पूड एका दमात अंगावर आली. धुरळा खाली बसला तेव्हा खात्यात सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त गुरप्पा कुठे दिसेना. तो चक्कीपुढेच उभा होता, पण चक्की आणि तो एकाच रंगाचे झाले होते.

लाल खात्यातल्या सोमलिंगने त्याला झाडूने झाडलं. त्याने फार फरक पडला नाही. मॅनेजर लांबूनच ओरडले, "ऑफिसात येऊ नकोस! फायली आहेत इथं! घरी जा, आजचा दिवस भरला धर."

गुरप्पा निघाला. घरची वाट बाळ्याच्या देवळावरून जात होती. देवळापुढे माणूस मावत नव्हता. येळकोट येळकोटचा गजर चालला होता, मुठीमुठीने भंडारा उधळला जात होता आणि सगळ्यांची डोकी, खांदे हळदीने पिवळे झाले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपण चारचौघांसारखे दिसतोय, असं गुरप्पाला वाटलं.

तेवढ्यात एक म्हातारा पुढे झाला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून पडला.

गुरप्पाने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"आजोबा, ह्ये काय करताय? उठा की."

"कवाधरनं वाट बगतोय देवा," म्हातारा म्हणाला आणि गुरप्पाच्या पायाची पूड त्याने कपाळाला लावून उरलेली जिभेवर ठेवली.

गर्दीला एवढं पुरे झालं. केसांपासून नखांपर्यंत असा भरलेला भक्त सबंध यात्रेत दुसरा नव्हता. बायका वाकू लागल्या. कुणी हातात नारळ दिला, कुणी केळी. एकाची म्हैस तीन दिवस सापडत नव्हती. तो म्हणाला, "महाराज, कुटं हुडकू सांगा."

"मला तिकडं जायाचंय ओ, जाऊ द्या," म्हणून गुरप्पाने चाळीच्या दिशेने हात केला. म्हैसवाला त्या दिशेने पळत सुटला.

खरं सांगायचं तर गुरप्पाला बरं वाटत होतं. अकरा वर्षे माणसं त्याला बघून अंग चोरत होती, एसटीत शेजारी कुणी बसत नव्हतं. आज लोक त्याच्याजवळ यायला एकमेकांना ढकलत होते. तो दोनदा "अवो, म्या त्यातला न्हाय" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायचं त्याच्याच्याने झालं नाही.

आणि समोरून नैवेद्याचं ताट घेऊन पार्वतम्मा आली.

ती थबकली. गुरप्पा रोज पिवळा असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण रोजचा गुरप्पा डागाडागांचा असे. हा सोन्याच्या मुलाम्याचा होता. त्यात चार माणसं पायाशी, हातात नारळ. तिला नागव्वाचं साकडं आठवलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"अय्य, शिवशिवा! गुरप्पा, तुज्या अंगात देव आला? आन् म्या पापीन तुला भाईर काडायला निगाले हुते!" तिने ताट खाली ठेवलं, त्याच्या पायाची चिमूट घेतली आणि कपाळभर फासली. "खोली सोडायची न्हाय, सांगून ठिवते. जोवर म्या जित्ती हाय, तोवर तुला कोन हात लावतंय बगते!"

गुरप्पाने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आपण काही खोटं बोललो नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. कुणी विचारलंच नव्हतं. चार पावलं टाकली की घर होतं, आणि ते घर आता आपलं राहिलं होतं. नागव्वाला कधी सांगतो असं त्याला झालं.

तेवढ्यात गर्दीतून एक तरणी बाई पुढे आली. वच्छला तिचं नाव. सांगोल्याकडून माहेरच्या माणसांबरोबर आली होती. कडेवर सहा-सात महिन्यांचं लेकरू, मान टाकून पडलेलं.

"चार दिस झालं, दूद धरंना," ती म्हणाली. "तुमच्या हातानं चिमूटभर भंडारा तोंडात घाला म्हाराज."

"दवाखान्यात न्ये बाई," गुरप्पा म्हणाला.

"न्हेलं की. आता तुमीच." आणि तो हात पुढे करत नाही असं बघून तिनेच त्याच्या खांद्यावरची चांगली चिमूट उचलली, आणि लेकराचे ओठ दुसऱ्या हाताने उघडले.

गुरप्पाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तो जे डबे भरायचा त्यांच्यावर एक कवटी छापलेली असे, आणि कवटी वाचायला शाळेत जावं लागत नाही. पार्वतम्मा हात जोडून शेजारीच उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं, लेकराकडे बघितलं, आणि वच्छलाच्या हातावर फाडकन चापट मारली.

"नगं! विख हाय त्ये!"

गजर थांबला.

"भंडारा विख?" कुणीतरी दरडावून विचारलं.

"भंडारा न्हवं ओ ह्यो! कारखान्याचा रंग हाय, सूत रंगवायचा. माज्या अंगात कोन न्हाय. म्या देव न्हाय, भक्त न्हाय, पिवळ्या खात्यातला गुरप्पा हाय म्या! थुका, समदी थुका! ज्यानी ज्यानी तोंडात घातलंय त्यानी चूळ भरा आदी!"

पुढची पाच मिनिटं बाळ्याच्या देवळापुढे जी थुंकाथुंकी झाली तशी पूर्वी झाली नसेल. पहिला म्हातारा बोटाने जीभ खरवडत होता. दुष्काळात चूळ भरायला पाणी कुठलं? टँकरवाल्याशी बाचाबाची झाली. नारळवाल्याने येऊन गुरप्पाच्या हातातून आपला नारळ काढून घेतला, केळीवाल्याने केळी मोजून घेतली. एकजण म्हणाला, मारा याला. पण मारायचं तर हात लावावा लागणार, म्हणून कुणी पुढे झालं नाही. वच्छलाने लेकराचे ओठ पदराने पुसले, पुन्हा पुसले, आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. एवढ्यात म्हैसवाला म्हैस घेऊन परतला. हे महाराज खोटे आहेत हे त्याला शेवटपर्यंत कुणी पटवू शकलं नाही.

पार्वतम्मा जागची हलली नव्हती.

"देवाच्या दारात, गुरप्पा?"

"अव्वा, तुमी इचारलं न्हाय..."

"तूबी सांगितलं न्हाईस की."

 गुरप्पाला खोलीचं इतकं वाटलं नाही, पण ते मधलं पाव तासाचं गप्प बसणं त्याला फार लागलं. पार्वतम्माने ताट उचललं आणि पदराने कपाळ पुसलं. पुसल्यामुळे पिवळं कानापर्यंत पसरलं. लिंबू, डाळीचं पीठ, राख, सगळं झालं, तरी ते पंधरा दिवस गेलं नाही. त्यावर ती विभूतीचे पट्टे ओढायची. तासाभरात विभूतीही पिवळी व्हायची.

नागव्वाने सगळं ऐकून घेतलं. "अवो, त्या लेकरापुरतं न्हाय म्हनायचं. बाकीच्यांना सांगत कशाला बसलात?"

"दुसऱ्या कुणाच्या पोराच्या तोंडात ग्येलं असतं की."

नागव्वा मग उठली आणि फडताळातली भांडी एकेक करून पोत्यात भरू लागली.

येळ अमावस्येच्या चार दिवस आधी ती दोघं कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. सामान न्यायला खात्याखात्यातले गडी आले होते. त्यामुळे हंडा लाल झाला, पेटी निळी, आणि नागव्वाचं जातं हिरवं. पार्वतम्मा बाहेर आली नाही.

संक्रांत झाल्यावर रेशनकार्डावरचा पत्ता बदलायची वेळ आली. त्याला जुन्या मालकिणीची सही लागत होती. सात दिवस टाळून आठव्या दिवशी गुरप्पा चाळीत गेला. पार्वतम्मा घरात नव्हती. त्याच्याच जुन्या खोलीतून तिचा आवाज येत होता. तिथे आता शांतम्मा नावाची नवी भाडेकरीण राहत होती. गुरप्पा दाराबाहेरच उभा राहिला.

आत भिंतीवर एक पिवळी आकृती होती. खाली रुंद पाठ, वर वाटोळं डोकं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो जिथे टेकून बसायचा, ती जागा. शांतम्माने तिला हळदीकुंकू वाहिलं होतं आणि पुढे दिवा लावला होता.

"अव्वा, तीन डाव चुना मारला," ती सांगत होती. "वाळला की आतनं परत वर येतंय. स्वयंभू हाय म्हनून दिवा लावला म्या."

"दिवा काड त्यो," पार्वतम्मा म्हणाली. "देव न्हाय त्यो."

"मग कोन हाय?"

"आमचा गुरप्पा हाय."

 तेवढ्यात पार्वतम्माचं दाराकडे लक्ष गेलं. तिने त्याच्या हातातलं कार्ड घेतलं, विचारायचं काहीच नसल्यासारखी सही केली, आणि म्हणाली, "च्या घेऊन जा. बस."

कुठे बसावं म्हणून गुरप्पा इकडेतिकडे बघू लागला. सगळ्या भिंती नव्या चुन्याच्या होत्या.

"तितंच बस की," पार्वतम्मा म्हणाली. "तुजीच जागा हाय."

शांतम्माने दिवा बाजूला सरकवला. गुरप्पा खाली बसला, भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही हातांत पेला धरून हळूहळू चहा प्यायला.